दहा आसनांचा गाभारा

आपल्याकडील सुशिक्षित वर्गात गेल्या दहा-पंधरा वर्षांत एक नवी भक्ती रुजली आहे. तिचे दैवत टोकियोच्या गिन्झा भागात, भुयारी रेल्वेच्या स्थानकाला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात वसते. दहा आसनांचे ते सुशीचे दुकान, त्याचे वयोवृद्ध चालक जिरो ओनो आणि त्यांच्यावर २०११ साली निघालेला अमेरिकी माहितीपट यांची नावे व्यवस्थापनशास्त्राच्या व्याख्यानांत, उद्योगपतींच्या भाषणांत आणि आता आपल्या काही मित्रांच्या तोंडीही ऐकू येतात. ‘पाहा, हा माणूस आयुष्यभर एकच काम करीत राहिला, श्रमप्रतिष्ठा म्हणतात ती हीच’, असे त्यांचे सांगणे असते. श्रमप्रतिष्ठा हा शब्द समाजवाद्यांच्या घरातला. तो दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेला दिसला, म्हणजे तेथे नेमका कोणता व्यवहार चालू आहे हे उंबरा ओलांडून पाहणे भाग पडते.

व्यवहार असा. लाकडी फळीच्या एका बाजूला आचारी उभा, दुसऱ्या बाजूला आठ-दहा पाहुणे. खाद्यपदार्थांची यादी नाही. ‘ओमाकासे’, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवले’, एवढेच पाहुण्याने म्हणायचे. आंबवणी घातलेल्या भाताचा मुटका आचारी बोटांनी दाबतो, त्यावर मासळीचा काप ठेवतो आणि पाहुण्याने तो तत्काळ तोंडात घालायचा. असे वीसेक घास झाले की अर्ध्या तासाच्या आत उठायचे. या थाटाच्या अनेक दुकानांत भाव लिहिलेला नसतो, आणि जुन्या गिऱ्हाइकाने ओळख करून दिल्याखेरीज नवख्याला आत घेत नाहीत. मिशेलिन या टायर बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीच्या मार्गदर्शिकेने २००७ साली ओनो यांच्या दुकानाला तीन तारे बहाल केले होते. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने ते दुकान यादीतून काढले. चव बिघडली म्हणून नव्हे, तर सर्वसामान्य माणसाला तेथे जागाच राखून ठेवता येत नाही म्हणून! टायरवाल्यांना जे खटकले, ते श्रमप्रतिष्ठेच्या भक्तांना खटकू नये, याचे नवल वाटते.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, कौशल्याला दाम मिळू नये काय? अवश्य मिळावा. परंतु त्या तळघरात जो दाम मोजला जातो तो कौशल्याचा आहे काय, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सुशीच्या इतिहासातच सापडते.

मुटक्यावर मासळी ठेवून देण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. १८२०च्या दशकातील हानाया योहेई या दुकानदाराला तिचे श्रेय देण्याची प्रथा आहे. पण ती फोफावली रस्त्यावरच्या गाड्यांवर. सुतार, गवंडी, हमाल, सार्वजनिक स्नानगृहातून घरी परतणारा कारागीर, हे तिचे गिऱ्हाईक. उभ्या उभ्या दोन-चार मुटके खायचे आणि वाटेला लागायचे. मुटकेही आजच्याहून बरेच मोठे असत. महागडी दुकाने तेव्हाही निघाली होतीच. १८४०च्या दशकातील शोगुनशाहीच्या काटकसरीच्या फर्मानांत त्यांतल्या काहींना शिक्षाही झाल्या. आणि ज्या माशाच्या पोटाकडील चरबीदार कापासाठी आज धनिक जीव टाकतात, तो ट्यूना त्या काळी हलक्या प्रतीचा मासा समजला जाई. त्याचा चरबीचा भाग तर बहुधा फेकूनच देत. मांजरसुद्धा ओलांडून पुढे जाईल, असे त्याला म्हणत. गरिबाने खाल्ले तेव्हा ते हीन होते, श्रीमंताने तोंड लावले तेव्हा ते रत्न झाले. बोंबील-सुकटीच्या वासाने नाक मुरडणाऱ्या आपल्या पांढरपेशांना हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

या इतिहासातील एक प्रकरण मात्र प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९४७ साली पराभूत जपानमध्ये अन्नाची इतकी टंचाई होती की जुलै महिन्यात सरकारने उपाहारगृहे बंद केली. टोकियोतील सुशी कारागिरांवर उपासमारीची पाळी आली. तेव्हा त्यांच्या संघटनेने सरकारशी वाटाघाटी करून एक तोड काढली. आम्ही अन्न विकणारच नाही, म्हणाले. गिऱ्हाइकाने आपल्या शिधावाटपाच्या तांदळातून एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, तांदूळ आणावा, आम्ही त्याचे दहा नग करून देऊ आणि करणावळ तेवढी घेऊ. मासळीही नियंत्रणाबाहेरची, शिंपले नाहीतर नदीतले मासे, जे मिळेल ते. आपल्याकडे ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर जावे आणि दळणावळ देऊन पीठ आणावे, तसाच हा प्रकार. या तोडग्यामुळे सुशीची दुकाने जगली. इतकेच नव्हे तर इतर प्रांतांनीही तोच मार्ग धरल्याने टोकियोची ही पद्धत देशभर पसरली. दहा नगांचा तो प्रमाणित वाटा पुढे कितीतरी वर्षे तसाच राहिला.

या व्यवस्थेत काय घडले ते नीट पाहिले पाहिजे. हाताचे कौशल्य आणि मालाची मालकी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. कारागिराला त्याच्या कसबाचा मोबदला मिळाला, आणि तो शेजारपाजारच्या शिधापत्रिकाधारकाला परवडला. कोणाच्या बोटांतली कला त्यामुळे आटली नाही. कौशल्याचा दाम किती, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर इतिहास क्वचितच देतो.

आता याच्या शेजारी २०१४ सालचा हिशेब ठेवू. त्या वर्षी ओनो यांच्या दुकानी एका माणसाच्या जेवणाची किंमत ३०,००० येनपासून सुरू होत असे. टोकियोतील किमान वेतन त्या वसंतात तासाला ८६९ येन होते. म्हणजे अर्ध्या तासाच्या जेवणासाठी किमान वेतनावरील मजुराची साडेचौतीस तासांची कमाई. करणावळ आणि ही किंमत यांच्यामधील जे अंतर आहे, त्यात उत्तम मासळीचा भाव आहे, गिन्झाच्या जमिनीचे भाडे आहे; पण सर्वांत मोठा वाटा कुंपणाचा आहे. दहा जण आत आणि बाकीचे शहर बाहेर, ही जाणीव तेथे विकली जाते. त्याच १९४७ सालच्या मे महिन्यात पंढरपूरला साने गुरुजी विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषणाला बसले होते. गाभारा बंद ठेवणाऱ्यांची तेव्हाची सबब पावित्र्याची होती. आता दर्जाची आहे.

हे जेवण जेवणारा ते नेहमीच स्वतःच्या खिशातून जेवतो, असेही समजू नये. जपानी कंपन्यांत गिऱ्हाइकांची आणि अधिकाऱ्यांची सरबराई करण्याचा खर्च ही एक संस्थाच आहे, आणि गिन्झाची दुकाने दशकानुदशके तिच्यावर पोसली गेली आहेत. १ एप्रिल २०१४ रोजी जपान सरकारने उपभोग्य वस्तूंवरील कर ५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला. तो तांदळावर बसला, दुधावर बसला, विधवेच्या भाजीवर बसला. आणि त्याच तारखेपासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांसाठी मोठ्या कंपन्यांना सरबराईच्या खाण्यापिण्यावरील निम्मा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा करण्याची मुभा मिळाली. एका हाताने गरिबाच्या ताटावर कर आणि दुसऱ्या हाताने मेजवानीला सूट! अर्थव्यवस्थेला चालना मिळावी, असे कारण देण्यात आले. त्या तळघरातील आसनाच्या किमतीचा काही भाग याप्रमाणे तेथे कधीही पाऊल न ठेवणाऱ्याने भरला.

त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी, २३ एप्रिलच्या रात्री, पंतप्रधान शिंझो आबे यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा यांना याच दुकानी जेवायला नेले. जगभरच्या वृत्तपत्रांनी घासांची मोजदाद केली. त्या दौऱ्यातील कळीचा विषय होता प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा व्यापारकरार, आणि त्यातील तिढा होता जपानी शेतकऱ्याचे संरक्षण करणाऱ्या आयातकरांचा: तांदूळ, गहू, मांस, दूध आणि साखर. आबे यांच्या पक्षाने डिसेंबर २०१२च्या निवडणुकीत या कराराला ठाम विरोध असल्याची, आम्ही खोटे बोलत नसल्याची भित्तिपत्रके गावोगाव लावली होती. मार्च २०१३ मध्ये त्यांनीच वाटाघाटींत सामील होण्याची घोषणा केली. कराराचा मसुदा वर्षानुवर्षे गुप्त राहिला. एप्रिल २०१६ मध्ये वाटाघाटींची कागदपत्रे संसदीय समितीपुढे आली ती पानेच्या पाने काळी करून. लोकांनी त्यांना ‘नोरी-बेंतो’ म्हणून हिणवले, म्हणजे काळ्या समुद्रशेवाळाने झाकलेला भाताचा डबा. ज्यात काय घातले आहे ते विचारायचे नाही, भाव विचारायचा नाही, आचाऱ्यावर सोपवायचे आणि पुढ्यात येईल ते गिळायचे. पाहुण्याने हौसेने केलेले ओमाकासे वेगळे. शेतकऱ्यावर लादलेल्या ओमाकासेला आपल्या भाषेत निराळे नाव आहे. पुढे जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकाच त्या करारातून बाहेर पडली, हा भाग वेगळा.

सुशीचा निम्म्याहून अधिक भाग भात असतो, हे मासळीच्या गप्पांत विसरले जाते. १९७०च्या दशकाच्या आरंभापासून २०१८ पर्यंत जपानी राज्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना भात कमी पिकवण्यासाठी पैसे दिले. गावे ओस पडली, शेतकऱ्याचे सरासरी वय सत्तरीला टेकले. २०२५च्या वसंतात त्याची फळे दिसली: दुकानातील तांदळाचा भाव वर्षभरात दुप्पट होऊन ५ किलोच्या पिशवीला ४,००० येनच्या वर गेला आणि सरकारला राखीव साठा बाजारात आणावा लागला. त्या मे महिन्यात कृषिमंत्री ताकू एतो एका सभेत म्हणाले की, आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावाच लागला नाही, समर्थक इतका आणून देतात की घरात विकण्याइतका पडून असतो. त्यांना राजीनामा द्यावा लागला. मंत्रिमहाशय खोटे बोलले असते तर बहुधा वाचले असते.

मासळीकडे वळू. ‘आम्ही चोखंदळ आहोत म्हणून समुद्राची काळजी घेतली जाते’, असा एक युक्तिवाद खवय्यांच्या बाजूने केला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. कॅनडाच्या किनाऱ्यावरचा प्रचंड निळ्या पराचा ट्यूना एके काळी मांजरांच्या खाद्यासाठी विकत नाहीतर पुरून टाकीत. १९७२ साली टोकियोकडे रिकामी परतणारी मालवाहू विमाने भरण्यासाठी जपानी विमान कंपनीने तो बर्फात घालून त्सुकिजीच्या बाजारात आणला, आणि अटलांटिक महासागर गिन्झाच्या फळीला जोडला गेला. चार दशकांत त्या माशाची अवस्था अशी झाली की मार्च २०१० मध्ये दोहा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचा व्यापार थांबवण्याचा ठराव आला. जपानने तो हाणून पाडला: बाजूने २०, विरुद्ध ६८. मतदानाच्या आदल्या रात्री जपानी वकिलातीच्या स्वागतसमारंभात प्रतिनिधींना वाढलेल्या पदार्थांत हाच मासा होता. पुढे मासेमारीच्या वाट्यावर कडक मर्यादा घातल्या तेव्हा कोठे तो सावरू लागला, आणि आज अटलांटिकमधील त्याची स्थिती पुष्कळ बरी आहे. म्हणजे मासा वाचवला तो निर्बंधाने. चोखंदळपणाने तो संपतच आला होता.

परंतु निर्बंधाचा भार कोणी उचलला? प्रशांत महासागरातील ट्यूनाच्या वाट्याची वाटणी झाली तेव्हा प्रचंड जाळी टाकून थव्यांच्या थवे उपसणाऱ्या बड्या जहाजांना सांभाळले गेले आणि एका गळाने एक मासा पकडणारा किनारी कोळी चेपला गेला. जून २०१८ मध्ये असे शेकडो मच्छीमार टोकियोत येऊन कृषी आणि मत्स्य खात्याच्या मंत्रालयासमोर उभे राहिले. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, नववर्षाच्या पहिल्या लिलावात, २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. किलोला १२ लाख येन. विकत घेणारी कंपनी साध्या सुशीच्या दुकानांची साखळी चालवते. तिने तो मासा नेहमीच्याच भावाने विकला, कारण तिला जाहिरात हवी होती. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मासा आला, मंत्रालयासमोरचे कोळी आले नाहीत.

गोव्यातील रापणकारांचा लढा ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. १९७०च्या दशकात सरकारी साहाय्यावर उभ्या राहिलेल्या यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची कोळंबी ओरबाडली ती जपान-अमेरिकेच्या ताटांसाठी, आणि माथानी साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रापणकार रस्त्यावर उतरले ते आपल्या घरच्या कालवणासाठी. किनाऱ्याजवळ ट्रॉलर येऊ नयेत म्हणून १९८० साली कायदा झाला. त्याची अंमलबजावणी कशी होते, हे मालवणपासून काणकोणपर्यंत कोणत्याही होडीवाल्याला विचारावे.

आता श्रमप्रतिष्ठेकडे परत येतो. त्या माहितीपटात एक उमेदवार अंड्याची वडी दोनशेच्या आसपास वेळा करतो आणि अखेर गुरू ‘ठीक’ म्हणतो तेव्हा त्याला रडू कोसळते. प्रेक्षकही गहिवरतो. दहा वर्षे हाताखाली राबावे, आधी नुसते ऊन पाण्याचे रुमाल पिळावेत, मग मासळीला हात लावावा, ही शिस्त कोणाला आवडो न आवडो, ती कारागिराने आपखुशीने पत्करली तर तिच्यात तेज आहे, हे मी नाकारीत नाही. आमचे गवई आणि तबलजी अशाच शिस्तीतून घडले. परंतु ज्या सभागृहांत हा माहितीपट दाखवला जातो, तेथे समोर बसलेला कर्मचारी उद्या स्वतःच्या दुकानाचा धनी होणार नसतो. त्याला एवढेच शिकवले जाते की काम हीच पूजा समजावी आणि कामाचे तास मोजू नयेत. ज्या देशाच्या नावाने हा उपदेश केला जातो, त्या देशाच्या संसदेला २०१४च्या जूनमध्ये, ओबामांच्या जेवणानंतर दोन महिन्यांनी, अतिश्रमाने होणारे मृत्यू रोखण्यासाठी कायदा करावा लागला. मृतांच्या बायका-आईबापांनी वर्षानुवर्षे धरणे धरून तो मिळवला. त्यांच्यावरचा चित्रपट कोणी व्यवस्थापनाच्या वर्गात दाखवल्याचे ऐकिवात नाही. स्वतः ओनो यांनी लहानपणीच घर सोडून खानावळीत काम धरले. बालमजुरीची ती कहाणी आहे. तिला प्रेरणादायी ठरवणाऱ्यांनी आपली मुले कोणत्या शाळेत घातली आहेत, ते पाहावे.

आणि स्त्रिया? बाईचा हात उबदार असतो, त्याने मासळी बिघडते, ही सबब जपानी सुशीच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली. सरंजामी कारागिरी स्त्रीला दाराबाहेर ठेवताना विज्ञानाचा शब्द किती सहज उसना घेते! ससून डॉकवर पहाटे बर्फात हात घालून मासळी निवडणाऱ्या आमच्या कोळणींना ही उपपत्ती ऐकवली तर त्या काय बोलतील, ते या साप्ताहिकात छापता येणार नाही.

ससून डॉकचे नाव निघाले म्हणून सांगतो. तेथून जवळच, अपोलो बंदरावरच्या ताज हॉटेलात २००४ साली मुंबईतले एक महागडे जपानी उपाहारगृह उघडले. तेव्हापासून या शहरात परदेशातून विमानाने आलेली मासळी खाणे ही सुसंस्कृतपणाची खूण ठरू लागली आहे. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी देशातील बहुसंख्य माणसे रोज तीन आण्यांवर जगतात, हे सांगून राज्यकर्त्यांच्या रोजच्या खर्चाशी त्याची तुलना केली, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. आज तसा हिशेब मांडला तर मत्सर म्हणतात. समाजवाद्याला मत्सराचा आरोप नवा नाही. पण चवीचा शत्रू, हा आरोप मात्र त्याने मान्य करू नये. उत्तम भात, ताजी मासळी आणि जाणता हात सर्वांच्या वाट्याला यावा, ही मागणी वैराग्याची नाही.

स्वस्ताई हेच उत्तर, असेही म्हणवत नाही. १९५८ साली ओसाकाजवळ योशिआकी शिराइशी यांनी बियरच्या कारखान्यातील फिरता पट्टा पाहून सुशीच्या बशा पट्ट्यावर फिरवल्या, तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक आसपासच्या लहान कारखान्यांतले कामगार होते. चांगलीच गोष्ट झाली. परंतु कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या ट्यूनाचा मोठा भाग आज दूरच्या समुद्रातून लांब दोरांच्या जहाजांवर येतो. जपानला तो पुरवणाऱ्यांत तैवानची जहाजे आहेत, आणि त्यांच्यावर इंडोनेशियाचे आणि फिलिपिन्सचे खलाशी महिनोन्महिने जमीन न पाहता राबतात. २०२० साली अमेरिकेच्या श्रमखात्याने तैवानच्या जहाजांनी पकडलेल्या मासळीची गणना वेठबिगारीच्या मालात केली. त्या खलाशांच्या संघटनेखेरीज स्वस्त बशीची गोष्ट पुरी होत नाही.

जपानमध्ये याच काळात एक निराळी फळी उभी राहिली आहे. २०१२ साली टोकियोच्या ओता विभागात भाजी विकणाऱ्या एका बाईंच्या कानावर आले की शेजारच्या शाळेत एक मूल असे आहे, ज्याला शाळेतल्या जेवणाखेरीज दिवसभरात एक केळेच मिळते. तिने दुकानातच मुलांसाठी जेवण सुरू केले. ‘कोदोमो शोकुदो’, म्हणजे मुलांचे भोजनगृह, असे त्याला नाव पडले. २०२४ पर्यंत देशभरात अशी १०,०००हून अधिक भोजनगृहे झाली. जगातल्या अग्रगण्य श्रीमंत देशात २०२१च्या सरकारी पाहणीप्रमाणे नवापैकी एक मूल दारिद्र्यात होते, आणि एकट्या पालकाच्या घरांत तर जवळजवळ निम्मी माणसे. या भोजनगृहांत मुलांकडून काही घेत नाहीत, घेतले तर नाममात्र. दारावर कोणी ओळख विचारत नाही. रांधणाऱ्या बहुतेक शेजारच्या स्त्रिया असतात. २०२५ मध्ये तांदूळ महागला तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांकडे येणारा दानाचा तांदूळ आटला, आणि मुलांच्या ताटातला भात कसा भागवायचा याची चिंता त्या बाया करीत राहिल्या. सरकारी साठ्यातून थोडाफार तांदूळ मिळाला. त्यासाठीही अर्ज भरावे लागले.